राष्ट्रपतींनी सही केली, पण ठरवलं कोणी?

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. राज्यातले बहुतेक लोक तेव्हा झोपेत होते. ८ च्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. लोकांनी सकाळच्या चहासोबत मोबाईल उघडला तेव्हा हा सगळा कार्यक्रम उरकलेला होता.

मग मीम्सचा पाऊस पडला. त्यातले बरेचसे तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्यावर होते. राष्ट्रपती भल्या पहाटे उठले कसे, त्यांनी बहुमताची खात्री का केली नाही, त्यांनी सही नाकारली का नाही, असे प्रश्न लोक विचारत होते.

प्रश्न चुकीचे नव्हते. फक्त चुकीच्या पत्त्यावर जात होते.

त्या रात्री नेमकं काय झालं ते आधी पाहू. राष्ट्रपती राजवट लावायची किंवा उठवायची तर केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक होते, मंत्रिमंडळ शिफारस करतं आणि राष्ट्रपती त्यावर सही करतात. त्या पहाटे अशी बैठक झालीच नाही. केंद्र सरकारचं कामकाज कसं चालावं यासाठी १९६१ साली केलेले नियम आहेत. त्यातला नियम १२ पंतप्रधानांना गरज वाटल्यास ठरलेल्या पद्धतीला बगल देण्याची मुभा देतो. मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेतली तरी चालते. पंतप्रधानांनी हा नियम वापरला, शिफारस राष्ट्रपती भवनात गेली, सही झाली. मंत्रिमंडळाने मागाहून मान्यता दिली.

म्हणजे कागदावर नाव राष्ट्रपतींचं, निर्णय पंतप्रधानांचा. महाराष्ट्रातल्या त्या पहाटेचं हे सगळ्यात कमी चर्चा झालेलं सत्य आहे. राष्ट्रपतींच्या अधिकारांबद्दल फिरणारे बहुतेक गैरसमजही इथेच सुरू होतात.

'राष्ट्रपती देशाचे सर्वोच्च, मग ते काहीही करू शकतात ना?'

हा समज का होतो, हे समजण्यासारखं आहे. संविधानाचा अनुच्छेद ५३ उघडला तर तिथे चक्क लिहिलंय की संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी असेल. संरक्षण दलांचं सर्वोच्च प्रमुखपदही त्यांच्याकडेच. अनुच्छेद ७७ सांगतो की भारत सरकारची प्रत्येक कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने होईल. सरकारी अधिसूचना पाहिली असेल तर तिच्याखाली 'राष्ट्रपतींच्या आदेशावरून व नावाने' अशी ओळ वाचल्याचं आठवेल.

फक्त एवढंच वाचलं तर राष्ट्रपती म्हणजे निवडून आलेला राजाच वाटेल. पण मधे अनुच्छेद ७४ आहे, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज नेमका तोच गाळतात. पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली एक मंत्रिमंडळ असेल आणि राष्ट्रपती त्याच्या सल्ल्यानुसार वागतील, असं हा अनुच्छेद म्हणतो. 'सल्ला' हा शब्द इथे थोडा फसवा आहे. घरातल्या मोठ्यांनी दिलेला सल्ला ऐकायचा की नाही हे आपण ठरवतो. हा सल्ला बंधनकारक आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना हे अगदी स्पष्ट केलं होतं. आपले राष्ट्रपती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसारखे नसतील, त्यांचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं असेल, ते राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतील पण राज्य चालवणार नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. राष्ट्राचे निर्णय ज्या शिक्क्यातून जाहीर होतात त्या शिक्क्याची उपमाही त्यांनी दिली होती.

मराठीत तर हा फरक शब्दातच आहे. अमेरिकेचे ते 'राष्ट्राध्यक्ष', भारताचे ते 'राष्ट्रपती'. तरी बातम्यांमध्ये रोज व्हाइट हाऊसमधून निघणारे आदेश दिसतात आणि आपले राष्ट्रपती असं का करत नाहीत, असं वाटायला लागतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हेच सरकारचे प्रमुख असतात, लोक त्यांच्याच नावावर मतदान करतात. आपल्याकडे सरकारचे प्रमुख पंतप्रधान. राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार निवडतात. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं आणि एका खासदाराच्या मताचं ७००. सामान्य मतदाराने राष्ट्रपतींना कधी थेट कौल दिलेलाच नसतो. म्हणूनच सरकारच्या विरोधात जाऊन स्वतःचं धोरण राबवण्याचा अधिकारही त्यांना दिलेला नाही.

पहिल्या राष्ट्रपतींनाच पडला होता हा प्रश्न

हा गोंधळ फक्त आजच्या फॉरवर्ड करणाऱ्यांचा नाही. देशाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद स्वतः संविधान सभेचे अध्यक्ष होते, तरी त्यांनाही तो होता.

१९५१ साली हिंदू कोड बिलावरून वातावरण तापलं होतं. राजेंद्र प्रसाद यांना हे बिल पसंत नव्हतं. त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंना कळवलं की या विधेयकावर आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ इच्छितो. नेहरूंनी ॲटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड यांचं मत मागवलं. सेटलवाड यांचं उत्तर सरळ होतं: राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. पुढे हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आणि हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये झाला. दोन्हींवर सही राजेंद्र प्रसाद यांचीच आहे.

तरी त्यांच्या मनातून शंका गेली नाही. नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्लीतल्या एका कार्यक्रमात त्यांनी जाहीरपणे सांगितलं की, भारताच्या राष्ट्रपतींचे अधिकार खरोखर इंग्लंडच्या राजाएवढेच आहेत का, याचा कायदेतज्ज्ञांनी अभ्यास करायला हवा.

याचं उत्तर टप्प्याटप्प्याने मिळालं. १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की, काही अपवाद सोडले तर राष्ट्रपती आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, ४२ वी घटनादुरुस्ती आली आणि 'सल्ल्यानुसार वागतील' हे बंधन थेट संविधानातच लिहिलं गेलं. जनता पक्षाच्या सरकारने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्यात एक छोटी खिडकी ठेवली. राष्ट्रपती मंत्रिमंडळाला 'पुन्हा एकदा विचार करा' असं सांगू शकतात. पुनर्विचारानंतर तोच सल्ला परत आला, तर मात्र तो मानावाच लागतो.

ही खिडकी लहान आहे, पण बिनकामाची नाही. ते पुढे दिसेलच.

'राष्ट्रपतींनी सही केली नाही तर कायदाच होणार नाही'

सप्टेंबर २०२० मध्ये तीन कृषी विधेयकं संसदेत मंजूर झाली तेव्हा विरोधी पक्ष राष्ट्रपतींकडे गेले. सही करू नका, अशी त्यांची विनंती होती. सोशल मीडियावरही तशीच मोहीम चालली. २७ सप्टेंबरला राष्ट्रपतींनी सही केली आणि अनेकांना विश्वासघात झाल्यासारखं वाटलं.

राष्ट्रपतींसमोर त्या वेळी कोणते पर्याय होते? अनुच्छेद १११ नुसार ते विधेयकाला संमती देऊ शकतात, ती रोखू शकतात किंवा विधेयक पुनर्विचारासाठी संसदेकडे परत पाठवू शकतात. संमती रोखण्याचा पर्याय पुस्तकात असला तरी सरकारचा सल्ला सही करा असाच असतो, त्यामुळे तो व्यवहारात उरत नाही. उरतं ते परत पाठवणं. संसदेने तेच विधेयक बदल करून किंवा न करता पुन्हा मंजूर केलं, तर दुसऱ्यांदा राष्ट्रपतींना नाही म्हणता येत नाही. धन विधेयक परत पाठवता येत नाही. घटनादुरुस्ती विधेयकाला तर १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीपासून संमती द्यावीच लागते.

एकदा परत पाठवण्याने काय होतं, हे ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी दाखवलं. २००६ साली 'लाभाचं पद' हा वाद पेटला होता. खासदारांनी कोणती पदं घेतली तर त्यांची खासदारकी जाते, असा तो वाद. संसदेने झटपट एक विधेयक आणून अनेक पदांना सूट दिली, तीही मागच्या तारखेपासून. कलाम यांनी मे २००६ मध्ये ते परत पाठवलं. सूट द्यायची तर तिचे निकष स्पष्ट आणि सगळ्यांना सारखे हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं. संसदेने एक अक्षरही न बदलता ते पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये कलाम यांनी सही केली. कायदा थांबला नाही. पण हा विषय तपासण्यासाठी संयुक्त संसदीय समिती बसली आणि जो कायदा गुपचूप झाला असता त्याची महिनोन् महिने देशभर चर्चा झाली.

ग्यानी झैल सिंग यांनी वेगळीच वाट काढली. १९८६ साली राजीव गांधी सरकारने टपाल कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक संमत करून घेतलं. लोकांची पत्रं अडवण्याचे, उघडण्याचे मोठे अधिकार सरकारला त्यातून मिळणार होते. लोकसभेत काँग्रेसचे ४०० हून अधिक खासदार होते. विधेयक परत पाठवलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मंजूर होऊन आलं असतं. झैल सिंग यांनी ते ना सही करून दिलं ना परत पाठवलं. नुसतं ठेवून दिलं. संविधानात सहीसाठी ठरावीक मुदत नाही, याच फटीचा त्यांनी उपयोग केला. त्यांची मुदत संपली, पुढचे राष्ट्रपती आर. वेंकटरमण आले, दिल्लीत सरकार बदललं आणि १९९० मध्ये वेंकटरमण यांनी ते विधेयक परत पाठवलं. ते कधीच कायदा झालं नाही.

याला 'पॉकेट व्हेटो' म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, पण संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाबाबत असं ठळकपणे घडल्याचं हेच एक उदाहरण सगळे देतात. कृषी कायद्यांचं काय झालं हेही लक्षात घ्यायला हवं. ते कायदे राष्ट्रपती भवनाने रोखले नाहीत. दिल्लीच्या सीमांवर शेतकरी वर्षभर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने ते मागे घेतले. ज्यांनी केले त्यांनीच ते रद्द केले.

राज्याच्या विधेयकांची गोष्ट उलटी

संसदेच्या विधेयकावर राष्ट्रपतींचा हात इतका बांधलेला, तर राज्याच्या विधेयकावर आणखी बांधलेला असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिथे तो मोकळा आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केलं. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा, काही गुन्ह्यांत फाशी, तपासाला मुदत अशा तरतुदी त्यात होत्या. फौजदारी कायदा हा केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीतला विषय. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, म्हणून विधेयक दिल्लीला गेलं. इथे 'राष्ट्रपतींकडे गेलं' याचा व्यावहारिक अर्थ 'केंद्रीय गृह मंत्रालयाकडे गेलं' असा आहे. मंत्रालयाने तरतुदींवर आक्षेप घेतले आणि शक्ती कायदा काही प्रत्यक्षात आला नाही. 'राष्ट्रपती महिला असूनही सही का करत नाहीत' अशा पोस्ट तेव्हा फिरायच्या. द्रौपदी मुर्मू जुलै २०२२ मध्ये पदावर आल्या हे खरं, पण फाइल अडकली होती ती मंत्रालयांच्या टेबलांवर.

राज्याचं विधेयक परत आलं आणि विधानसभेने ते पुन्हा मंजूर करून पाठवलं, तरी अनुच्छेद २०१ नुसार राष्ट्रपतींवर सहीचं बंधन नाही. म्हणजे केंद्र सरकारला एखाद्या राज्याचा कायदा नको असेल तर तो राष्ट्रपतींच्या नावाने कितीही काळ पडून राहू शकतो.

यावरून २०२५ साली मोठी कायदेशीर लढाई झाली. तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये राष्ट्रपतींनी ३ महिन्यांत निर्णय घ्यावा असं सांगितलं. त्यावर राष्ट्रपतींनी, म्हणजे पुन्हा केंद्र सरकारच्या सल्ल्याने, न्यायालयाला १४ प्रश्न विचारले. नोव्हेंबरमध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या ५ न्यायाधीशांच्या पीठाने मत दिलं की, न्यायालय अशी ठाम मुदत घालू शकत नाही आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असंही मानता येणार नाही. अमर्याद टाळाटाळ झाली तर राज्यपालांना निर्णय घ्यायला सांगण्याची मर्यादित वाट तेवढी न्यायालयाने मोकळी ठेवली.

राष्ट्रपती राजवट: नावात राष्ट्रपती, राज्य केंद्राचं

'राष्ट्रपती राजवट लावा' ही मागणी महाराष्ट्रात कुठलंही राजकीय संकट आलं की होतेच. राज्यात आजवर ती तीनदा लागली: १९८०, २०१४ आणि २०१९. तिन्ही वेळा कारणं राजकीय होती आणि शिफारस केंद्र सरकारची होती. राजवटीच्या काळात राष्ट्रपती मुंबईत येऊन कारभार पाहत नाहीत. केंद्राच्या वतीने राज्यपाल तो पाहतात.

तरी वर सांगितलेली 'पुन्हा विचार करा'ची खिडकी सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती इथेच, आणि ती उघडणारे होते के. आर. नारायणन.

ऑक्टोबर १९९७ मध्ये इंद्रकुमार गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात कल्याण सिंग यांचं सरकार बरखास्त करण्याची शिफारस केली. कल्याण सिंग यांनी विधानसभेत बहुमत सिद्ध केलेलं होतं. नारायणन यांनी शिफारस परत पाठवली. गुजराल सरकारने ती पुन्हा पाठवली असती तर नारायणन यांना सही करावीच लागली असती. पण सरकारला ते राजकीयदृष्ट्या झेपण्यासारखं नव्हतं. विषय तिथेच संपला.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९८ मध्ये, वाजपेयी सरकारने बिहारमध्ये राबडी देवींचं सरकार हटवायची शिफारस केली. नारायणन यांनी तीही परत केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये मात्र शिफारस पुन्हा आली आणि या वेळी सही झाली. पण अशा घोषणेला दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते आणि राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. मार्चमध्ये राजवट मागे घ्यावी लागली आणि राबडी देवी परत मुख्यमंत्री झाल्या.

सही झाली म्हणजे विषय संपला, हाही एक गैरसमजच. मे २००५ मध्ये कलाम मॉस्कोत असताना बिहार विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिथूनच सही केली. काही महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. १९९४ च्या बोम्मई निकालापासून राष्ट्रपती राजवटीची कारणं न्यायालय तपासू शकतं. तो निकाल नसता तर राज्य सरकारं पाडणं कितीतरी सोपं राहिलं असतं.

खुद्द आणीबाणीही अशाच सहीने लागली होती. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून सही केली. मंत्रिमंडळाला हे दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. म्हणून ४४ व्या घटनादुरुस्तीने अट घातली की, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आल्याशिवाय राष्ट्रपतींनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करू नये. राष्ट्रपती राजवटीसाठी मात्र अशी लेखी निर्णयाची अट संविधानात नाही. २०१९ ची ती पहाट या फरकामुळे शक्य झाली.

मग राष्ट्रपती स्वतःच्या मनाने काही ठरवतात का?

हो, पण असे प्रसंग मोजकेच. लोकसभेत कुणालाच स्पष्ट बहुमत नसतं तेव्हा सल्ला द्यायला पक्कं सरकारच नसतं. त्या वेळी सरकार बनवायला कुणाला बोलवायचं हे राष्ट्रपती ठरवतात. १९७९ मध्ये चरण सिंग लोकसभेला सामोरं जाण्याआधीच पायउतार झाले. जगजीवन राम यांना संधी मिळावी अशी मागणी होती. नीलम संजीव रेड्डी यांनी ती बाजूला ठेवून लोकसभा विसर्जित केली, यावर आजही वाद होतात. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वात मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावलं आणि ते सरकार १३ दिवसांत पडलं. १९९८ मध्ये नारायणन यांनी त्यातून धडा घेतला. आधी पाठिंब्याची पत्रं दाखवा, मग शपथ, असा पवित्रा त्यांनी घेतला.

याशिवाय अनुच्छेद ७८ नुसार सरकारच्या निर्णयांची माहिती मागण्याचा हक्क राष्ट्रपतींना आहे. हे बंद दाराआड होत असल्याने त्याचा परिणाम किती होतो, हे बाहेरून मोजता येत नाही.

फाशी, दया आणि इच्छामरण

सगळ्यात भावनिक गैरसमज इथे आहेत.

दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे जातो आणि ते मनाला येईल तसा निर्णय देतात, अशी अनेकांची समजूत असते. अनुच्छेद ७२ चा हा अधिकारही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरला जातो. अर्ज गृह मंत्रालयात तपासला जातो, संबंधित राज्याचं मत घेतलं जातं आणि शिफारशीसह फाइल राष्ट्रपती भवनात येते. राष्ट्रपती पुरावेही पाहू शकतात, शिक्षा कमी करू शकतात. पण त्यामुळे न्यायालयाचा निकाल चुकीचा ठरत नाही.

दया नाकारली की फाशी अटळ, असंही नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. कारण गुन्ह्याबद्दलची दया हे नव्हतं. अर्जावर निर्णय घ्यायला सरकारी यंत्रणांनी वर्षानुवर्षं लावली, हे होतं. फाइल कुठे किती दिवस पडून राहिली, याचा हिशेब शेवटी न्यायालयाने मागितला.

आणि मग येतात ती पत्रं. मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर ही बातमी दर काही महिन्यांनी दिसते. पीकविमा मिळाला नाही, संपादित जमिनीचा मोबदला अडकला, अनुकंपा नोकरीची फाइल हलत नाही. सगळीकडे हेलपाटे मारून थकलेला माणूस शेवटी राष्ट्रपतींना लिहितो: न्याय द्या, नाहीतर इच्छामरणाची परवानगी द्या. काही वेळा अख्खं कुटुंब सही करतं. फोटो निघतो, बातमी होते, पोस्ट फिरते.

अशी परवानगी देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना नाही. कुठल्याच कायद्यात नाही. भारतात मान्य आहे ते फक्त निष्क्रिय इच्छामरण, म्हणजे बरं होण्याची शक्यता न उरलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवणं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये आणि पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा मार्ग ठरवला. तो रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळांकडून जातो. राष्ट्रपती भवन त्या वाटेवर कुठेच नाही.

पत्र लिहिणाऱ्यालाही हे बहुधा माहीत असतं. त्याला मरायची परवानगी नको असते, कुणीतरी दखल घ्यायला हवी असते. त्यामुळे या पत्रांची थट्टा करण्यात अर्थ नाही. पण पुढे काय होतं हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

होतं ते असं. राष्ट्रपती सचिवालयात रोज तक्रारी आणि विनंत्या येतात. २००९ मध्ये, प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, त्यासाठी ऑनलाइन हेल्पलाइन पोर्टलही सुरू झालं. तिथे आलेला अर्ज ज्याचा विषय असेल त्या केंद्रीय मंत्रालयाकडे किंवा राज्य सरकारकडे पाठवला जातो. जमिनीच्या मोबदल्याचा अर्ज फिरून महसूल विभागाकडे येतो, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात. अनेकदा तो त्याच टेबलावर परत पोहोचतो जिथून अर्जदार वैतागून निघालेला असतो.

या प्रवासाचा एक फायदा मात्र होतो. पोर्टलवर नोंदवलेल्या अर्जाला क्रमांक मिळतो आणि तो कोणत्या खात्याकडे गेला हे कळतं. एकदा खातं कळलं की त्या खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो: माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, फाइल सध्या कोणाकडे आहे. या अर्जाला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. संसदेच्या विधेयकावर राष्ट्रपतींनी कधी सही करायची याला मुदत नाही, पण तालुक्यातल्या या उत्तराला आहे.